वनातला धागा, धमनीची वाट

(एका व्याख्यानाचा शब्दांकित मजकूर)



चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचे नाव उच्चारले की शहरी मनापुढे ठरावीक चित्रे उभी राहतात. घनदाट अरण्य, ताडोबाचा वाघ, पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने जगापासून तुटणारे भामरागड आणि हिवताप. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या दोन-तृतीयांशांहून अधिक भूभागावर आजही वन आहे. अशा प्रदेशात माणसे मरतात ती तापाने, अतिसाराने किंवा सर्पदंशाने, असा सर्वसाधारण समज आहे. हृदयरोग आणि पक्षाघात हे मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू जीवनाचे आजार, अशीही एक समजूत आहे.

या समजुतीला धक्का दिला तो गडचिरोलीतच झालेल्या एका अभ्यासाने. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने जिल्ह्यातील ८६ गावांत २०११ ते २०१३ या दोन वर्षांत झालेल्या प्रत्येक मृत्यूच्या कारणाचा शोध घेतला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार एकूण मृत्यूंपैकी सुमारे १४ टक्के मृत्यू पक्षाघाताने झाले होते आणि मृत्यूच्या कारणांत त्याचाच क्रमांक पहिला होता. म्हणजे सात चितांपैकी एक चिता मेंदूच्या रक्तवाहिनीतील बिघाडाने पेटली होती. हा बिघाड दोन प्रकारचा असतो. रक्तवाहिनी फुटते किंवा गुठळीने तुंबते. वाहिनी सुस्थितीत ठेवणे, आणि ती निकामी झाल्यास तिला पर्याय शोधणे, हा प्रश्न म्हणूनच केवळ महानगरांतील पंचतारांकित रुग्णालयांचा राहिलेला नाही. तो आरमोरीचा, नागभीडचा आणि एटापल्लीचाही प्रश्न आहे.

या प्रश्नाचा एक भाग असा आहे की ज्याने गेली सत्तर वर्षे जगभरच्या शास्त्रज्ञांना झुलवत ठेवले आहे. तो म्हणजे लहान व्यासाची, गुठळी न होणारी कृत्रिम रक्तवाहिनी तयार करणे. आणि या शोधाचा एक पदर वैनगंगेच्या खोऱ्यातील ऐनाच्या झाडावर वाढणाऱ्या टसरच्या किड्यापर्यंत येऊन पोहोचतो.

मोठी नळी सोपी, लहान नळी अवघड

पोटातील महाधमनी फुगली किंवा अरुंद झाली तर शल्यचिकित्सक तेथे पॉलिएस्टरच्या धाग्याने विणलेली नळी बसवतात. ती वर्षानुवर्षे उत्तम चालते. पण हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या धमन्या अवघ्या तीन-चार मिलिमीटर व्यासाच्या असतात. गुडघ्याखालील धमन्याही तशाच. सहा मिलिमीटरहून कमी व्यासाची कृत्रिम नळी येथे बसवली की अनेकदा काही महिन्यांतच ती गुठळीने बंद पडते. महाधमनीत यशस्वी ठरलेले तेच साहित्य येथे हार मानते.

याचे पहिले कारण प्रवाहाच्या गणितात आहे. नळीतून वाहणाऱ्या द्रवाचे प्रमाण त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. दाब तोच राहिला आणि व्यास निम्मा झाला, तर प्रवाह निम्मा होत नाही. तो सोळाव्या हिश्श्यावर येतो. महाधमनीच्या भिंतीवर एक मिलिमीटरचा थर जमला तर रक्ताला त्याची जाणीवही होत नाही. तीन मिलिमीटरच्या नळीत तोच थर चहूबाजूंनी जमला की मध्ये उरते एक मिलिमीटरची वाट, आणि रक्त जवळजवळ थबकते. थबकलेले रक्त गोठते.

दुसरे कारण रक्ताच्या स्वभावात आहे. परक्या पृष्ठभागाचा स्पर्श होताच काही क्षणांत रक्तातील प्रथिने त्यावर चिकटतात. त्यांत फायब्रिनोजन हे प्रमुख. त्याच्या खुणेवरून रक्तबिंबिका तेथे गोळा होतात, थ्रॉम्बिन नावाचे विकर तयार होते आणि तंतूंचे जाळे विणले जाते. जखम झाल्यावर प्राण वाचवणारी हीच क्रिया कृत्रिम नळीत प्राणघातक ठरते. रक्त थांबवण्याच्या कलेचा विचार आपल्या परंपरेने फार पूर्वी केला होता. सुश्रुतसंहितेत रक्तस्राव थांबवण्याचे संधान, स्कंदन, पाचन आणि दहन असे चार उपाय वर्णिलेले आहेत. आधुनिक काळातला हा प्रश्न त्याच्या नेमका उलट आहे. रक्त गोठू न देता ते परक्या भिंतीवरून कसे वाहते ठेवावे?

निसर्गाने हे कोडे सोडवले आहे ते अंतःस्तराच्या साहाय्याने. प्रत्येक निरोगी रक्तवाहिनीच्या आतील बाजूस पेशींचा एकेरी थर असतो. तो फरशीसारखा निर्जीव नसून पहारेकऱ्यासारखा जागा असतो. तो नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन ही द्रव्ये सोडून बिंबिकांना दूर ठेवतो. हेपॅरिनच्या जातकुळीतील रेणू त्याच्या अंगावर असतात आणि तयार झालेली बारीक गुठळी विरघळवणारे विकरही तो स्रवतो. नायट्रिक ऑक्साइडच्या या कार्याच्या शोधासाठी १९९८ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. कृत्रिम नळीला हा पहारेकरी नसतो. माणसाच्या शरीरात तो जोडाच्या टोकांकडून एक-दोन सेंटीमीटर आत सरकतो आणि थांबतो. मधला सारा मार्ग उघडाच राहतो.

तिसरे कारण लवचिकतेचे. धमनी प्रत्येक ठोक्याला फुगते व आवळते, कृत्रिम नळी ताठ राहते. मऊ आणि ताठ भाग जेथे शिवलेले असतात तेथे प्रवाह विस्कळीत होतो, पेशी प्रमाणाबाहेर वाढतात आणि जोडाचे तोंड हळूहळू बंद होते.

म्हणूनच आजही शल्यचिकित्सकाचा पहिला आधार रुग्णाचीच नीला किंवा छातीच्या आतील धमनी हा असतो. परंतु कोणाच्या पायाच्या नीला आधीच खराब झालेल्या असतात, तर कोणाच्या पूर्वीच्या शस्त्रक्रियेत वापरून संपलेल्या असतात. मधुमेहाने ज्याच्या पायाचा रक्तपुरवठा तुटला आहे आणि ज्याला चांगली नीला उरलेली नाही, अशा शेतकऱ्यापुढे शेवटी पाय कापण्याचा पर्याय येतो. भामरागड जिल्ह्याच्या मुख्यालयापासून सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर आहे आणि तेथून नागपूर आणखी तितकेच दूर. त्या भागातील माणसासाठी पाय जाणे म्हणजे शेत, जंगल आणि बाजार हे तिन्ही जाणे होय.

एका रेशमी टाक्यापासून सुरुवात

या शास्त्राची सुरुवातच रेशमाने झाली, ही गोष्ट फारशी ठाऊक नाही. १९४७ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात आर्थर वुर्हीज हे तरुण शल्यचिकित्सक कुत्र्यांवर हृदयाच्या शस्त्रक्रियांचे प्रयोग करीत होते. रेशमाचा एक टाका चुकून हृदयाच्या पोकळीतून आरपार गेला होता. काही महिन्यांनी पाहिले तो त्या धाग्यावर एक चकचकीत, गुळगुळीत आवरण चढलेले आणि त्यावर गुठळीचा मागमूस नाही. एका धाग्यावर असे होते, तर धाग्यांच्या कापडाच्या नळीवर का होणार नाही, असा विचार त्यांनी केला. प्रथम रेशमी रुमालाची नळी करून पाहिली, मग पॅराशूटसाठी वापरल्या जाणाऱ्या व्हिनिऑन या कृत्रिम कापडाची. १९५२ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे ह्यूस्टनच्या मायकेल डीबेकी यांनी घरच्या शिवणयंत्रावर डॅक्रॉनच्या नळ्या शिवल्या आणि मोठ्या धमन्यांचा प्रश्न बव्हंशी सुटला. लहान धमन्यांचा मात्र तसाच राहिला.

त्यावर आज जगात तीन दिशांनी काम चालू आहे. पहिली दिशा म्हणजे नळीच्या आतील पृष्ठभागावर हेपॅरिनचे किंवा नायट्रिक ऑक्साइड सोडणाऱ्या द्रव्याचे लेपन करणे. अशा हेपॅरिनयुक्त नळ्या वापरातही आहेत. दुसरी दिशा म्हणजे प्रयोगशाळेत मानवी पेशींकडून नळी वाढवून घेणे आणि नंतर पेशी धुऊन काढून केवळ तिचा सांगाडा वापरणे. अशा एका नळीला, अपघातात हातापायांच्या धमन्या तुटलेल्या रुग्णांसाठी, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. तिचाही व्यास सहा मिलिमीटरच आहे, हे लक्षात घ्यायला हवे. तिसरी दिशा म्हणजे असे साहित्य वापरणे की ज्यावर शरीर स्वतःच्या पेशी वसवील, आणि घर बांधून झाल्यावर परांची उतरवावी तसे ते साहित्य हळूहळू विरून जाईल. या तिसऱ्या वाटेवर रेशीम पुन्हा भेटते.

रेशमाच्या धाग्यात दोन प्रथिने असतात. बाहेरचे डिंकासारखे सेरिसिन आणि आतले बळकट फायब्रॉइन. सेरिसिन धुऊन काढले की उरलेले फायब्रॉइन शरीर बहुतांशी सहन करते. २०१० साली जपानी संशोधकांनी तुतीच्या रेशमातील फायब्रॉइनपासून केवळ दीड मिलिमीटर व्यासाच्या नळ्या करून उंदरांच्या महाधमनीत बसवल्या. एका वर्षानंतर त्यांतील सुमारे ८५ टक्के नळ्या खुल्या होत्या. तुलनेसाठी बसवलेल्या प्रचलित टेफ्लॉनवर्गीय नळ्यांपैकी ३० टक्केच खुल्या राहिल्या होत्या. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. उंदराचा अंतःस्तर माणसाच्या तुलनेत फार लवकर वाढतो. तरीही ही आकडेवारी दुर्लक्षिण्याजोगी नाही.

ऐनाच्या झाडावरचा किडा

विदर्भाच्या पूर्व भागात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत, टसरचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तुतीचा किडा घरात, टोपलीत वाढतो. टसरचा किडा उघड्या वनात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतो. आरमोरीच्या परिसरातील ढिवर समाजाची कुटुंबे हंगामात झाडाखालीच मुक्काम ठोकतात आणि पाखरांपासून, मुंग्यांपासून त्या किड्यांची राखण करतात. त्या कोषांच्या धाग्यातून विणली गेलेली करवती काठाची वस्त्रे विदर्भाच्या घराघरांत मंगलकार्याचा मान मिळवून आहेत. ज्या अर्जुनवृक्षाची साल आयुर्वेदात हृद्य म्हणून सांगितली आहे, त्याच वृक्षाच्या पानावर हा किडा पोसला जातो, हा योगायोगही मनोहर आहे. मात्र योगायोगाला पुरावा समजण्याची चूक करता कामा नये.

पुरावा आहे तो वेगळाच. टसरच्या फायब्रॉइनमध्ये आर्जिनिन, ग्लायसिन आणि ॲस्पार्टिक आम्ल या तीन घटकांची एक छोटी साखळी आढळते. शरीरातील पेशी ज्या खुंटीला धरून पृष्ठभागावर बसतात ती खुंटी हीच. तुतीच्या रेशमात ती नसते. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील सुभाष चंद्र कुंडू यांच्या गटाने टसरच्या या गुणाचा दीर्घकाळ अभ्यास केला. २०१२ साली जर्मन सहकाऱ्यांबरोबर केलेल्या कामात त्यांनी टसरच्या फायब्रॉइनवर उंदराच्या हृदयपेशी वाढवून दाखवल्या. त्या पेशी तेथे केवळ तगल्या नाहीत, त्या ठोके देऊ लागल्या. गुवाहाटीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत बिमन मंडल यांच्या गटाने देशी रेशमाच्या विविध जातींपासून लहान व्यासाच्या नळ्या करण्याचे काम हाती घेतले. महाराष्ट्रात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधनातून रेशमाच्या फायब्रॉइनचे हाडांतील पोकळी भरून काढणारे साहित्य पुढे आले. म्हणजे रेशीम वस्त्राच्या पेठेतून रुग्णालयात जाऊ शकते, हे आपल्याच राज्यात दिसू लागले आहे.

परंतु येथेच एक अवघड वळण आहे. ज्या तीन घटकांच्या खुंटीला अंतःस्तराची पेशी धरते, त्याच खुंटीला रक्तबिंबिकाही धरू शकते. किंबहुना बिंबिका ज्या हाताने एकमेकींना जोडल्या जातात, तोच हात ही खूण ओळखतो. निसर्गाने याचा उपयोग कसा केला आहे पाहा. फुरशाच्या विषातील एका प्रथिनात हीच साखळी असते. ते प्रथिन बिंबिकांच्या हाताला आधीच जाऊन चिकटते आणि त्यांना एकत्र येऊ देत नाही. त्या प्रथिनाचा अभ्यास करून रसायनशास्त्रज्ञांनी टिरोफिबान हे औषध घडवले. हृदयविकाराच्या तीव्र झटक्यात गुठळी वाढू नये म्हणून ते आज दिले जाते. एकच खूण किड्याच्या धाग्यात पेशींना आसरा देते आणि सापाच्या विषात रक्ताला गोठण्यापासून रोखते. टसरची नळी करणाऱ्या अभियंत्यापुढचे आव्हान तेच आहे. अंतःस्तराला आमंत्रण द्यायचे आणि बिंबिकांना दारातच थांबवायचे. त्यासाठी पेशी वसेपर्यंतच्या आठवड्यांत हेपॅरिनचा लेप लागेल, आतल्या पृष्ठभागाची बारीक रचना साधावी लागेल आणि नळी धमनीइतकी लवचिक तसेच धमनीचा दाब अनेक पटींनी सोसण्याइतकी बळकटही ठेवावी लागेल.

अडचणी आणखी आहेत. तुतीचे फायब्रॉइन लिथियम ब्रोमाइडच्या द्रावणात सहज विरघळते, टसरचे विरघळत नाही. त्यामुळे संशोधकांना ते अनेकदा किड्याच्या रेशीमग्रंथींतून थेट काढावे लागते. वनात वाढलेल्या कोषांची प्रत झाडागणिक आणि हंगामागणिक बदलते. साडीच्या पोतात तो फरक शोभतो, पण शरीरात बसवायच्या वस्तूत तो चालत नाही. तेथे प्रत्येक नळी दुसरीसारखीच हवी.

तीन अपयशांनंतरचे यश

ही वाट किती चिकाटी मागते, याचे उदाहरण देशातच आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली स्वदेशी कृत्रिम हृदयझडप बनवण्याचे काम सुरू झाले, तेव्हा परदेशी झडपेची किंमत सामान्य भारतीय रुग्णाच्या आवाक्याबाहेर होती. पहिल्या तीन प्रतिकृती अयशस्वी ठरल्या. एकीत तर नीलमण्याच्या स्फटिकाची तबकडी वापरली होती. ती भंगली. त्या संघाने अपयश लपवले नाही आणि घाईने माणसावर प्रयोगही केला नाही. साहित्य बदलले, प्लास्टिकवर्गीय बळकट तबकडी घेतली, वर्षानुवर्षे यंत्रावर आणि मेंढ्यांवर चाचण्या घेतल्या. ६ डिसेंबर १९९० रोजी ती झडप प्रथम रुग्णाच्या हृदयात बसवली गेली. त्यानंतर लाखाहून अधिक रुग्णांना तिचा लाभ झाला. १७ जुलै २०२४ रोजी डॉ. वलियाथन यांचे निधन झाले. स्वदेशी हा शब्द त्यांनी घोषणेतून नव्हे, तर चाचणीच्या नोंदवहीतून सिद्ध केला.

टसरच्या नळीकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. ती आज कोणत्याही रुग्णालयात उपलब्ध नाही. ‘आपल्या जंगलात सर्व काही आहे’ असे म्हणून टाळ्या मिळवता येतात, पण त्या टाळ्यांनी कोणाचा पाय वाचत नाही. वाचवायचा असेल तर एकसारख्या प्रतीचे कोष, स्वच्छ ग्रंथी काढण्याची व्यवस्था, मोठ्या प्राण्यांवरील दीर्घ चाचण्या आणि मग माणसांवरील नियमबद्ध चाचण्या, हा क्रम टाळता येणार नाही.

आणि आणखी एक गोष्ट. उद्या अशी नळी झालीच, तर तिच्या किमतीतला वाटा झाडाखाली रात्र काढणाऱ्या ढिवर कुटुंबापर्यंत पोहोचेल काय? २००२ च्या जैवविविधता कायद्याने लाभाच्या न्याय्य वाटणीचे तत्त्व मान्य केले आहे. गडचिरोलीतीलच मेंढा-लेखा या गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून देशाला वाट दाखवली. ज्या समाजाने हा किडा आणि ही झाडे पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्याला केवळ कच्चा माल पुरवणारा न मानता भागीदार मानणे, हे या संशोधनाचे नैतिक अंग आहे. ते नंतर जोडता येत नाही, आरंभीच जोडावे लागते.

जी नळी आज आपल्यापाशी आहे

शेवटी मूळ प्रश्नाकडे वळले पाहिजे. कृत्रिम नळी यशस्वी झाली तरी गडचिरोलीतील पक्षाघाताचे बहुतेक मृत्यू ती टाळू शकणार नाही. मेंदूतील त्या सूक्ष्म वाहिन्या बदलता येत नाहीत, त्या जपाव्या लागतात. त्यांचा सर्वात मोठा शत्रू आहे न तपासलेला रक्तदाब. दुसरा शत्रू चंद्रपूर-गडचिरोलीच्या प्रत्येक पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळतो. त्याचे नाव खर्रा. तंबाखू अंतःस्तराच्या त्या जागत्या पहारेकऱ्यालाच दुबळे करते. २०१६ पासून गडचिरोलीत दारू व तंबाखूमुक्तीसाठी ‘मुक्तिपथ’ हा उपक्रम चालू आहे. गावपातळीवरील प्रशिक्षित आरोग्यसेवकाने रक्तदाब मोजणे, औषध सुटू न देणे आणि गावाने ठरवून खर्रा बंद करणे, या कामांना प्रयोगशाळा लागत नाही. नियमाने गावोगावी फिरणारा माणूस लागतो.

म्हणून या विषयात दोन प्रकारच्या साधकांची गरज आहे. एक, विज्ञानाच्या शाखेत शिकणारा तरुण, ज्याने पंधरा-वीस वर्षे एका धाग्यामागे घालवण्याची तयारी ठेवावी आणि तिसऱ्या अपयशानंतरही प्रयोगशाळेचे दार बंद करू नये. दुसरा, वस्तीवर जाणारा कार्यकर्ता, ज्याच्या पिशवीत रक्तदाब मोजण्याचे यंत्र असावे आणि ज्याच्या स्वतःच्या खिशात खर्ऱ्याची पुडी नसावी. पहिल्याचे काम फळाला येण्यास कदाचित एक पिढी लागेल. दुसऱ्याचे काम येत्या रविवारपासून सुरू करता येईल, आणि त्या दिवशी ज्याचा वाढलेला रक्तदाब ध्यानात येईल त्याला कदाचित पहिल्याच्या नळीची गरजच पडणार नाही.